वैद्यकीय संशोधन घटले की वाढले? मोजायचे कसे, आकडे वाचायचे कसे

बेळगाव : सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एक औषध चाचणी झाली. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव हे बायकांच्या मृत्यूचे मोठे कारण. तो थांबवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन होते, पण त्याला फ्रीज लागतो आणि इंजेक्शन देणारे माणूस लागते. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला ते कुठून मिळणार? म्हणून मिसोप्रोस्टॉल नावाच्या गोळ्या देऊन पाहायचे ठरले. १६२० बायका, त्यातल्या ८१२ जणींना खरे औषध, ८०८ जणींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही माहीत नाही. काम केले २५ एएनएम नर्सबाईंनी. बाळंतपण त्यांनीच केले, गोळ्या त्यांनीच दिल्या आणि मोजमापाच्या खुणा असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत रक्त गोळा करून किती गेले ते त्यांनीच लिहून ठेवले.

निकाल स्पष्ट होता. औषधाविना १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के. दर १८ बायकांना गोळ्या दिल्या की एकीचा अतिरक्तस्राव टळला. २००६ मध्ये हा पेपर 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचे नाव अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले.

आता कोणी संगणकावर बसून 'बेळगावमध्ये २००६ साली किती वैद्यकीय संशोधन झाले' हे मोजायला घेतले, तर हा पेपर त्या हिशेबातून सुटण्याची शक्यता मोठी आहे. जगभरचे वैद्यकीय पेपर जिथे शोधले जातात त्या 'पबमेड' या अमेरिकन सरकारी सूचीत त्या काळी फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत असत. या पेपरचा पहिला लेखक अमेरिकेतला. शेतात राबले इथले लोक, सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार.

वैद्यकीय संशोधन घटतेय, अशा बातम्या अधूनमधून येतात. कधी अमेरिकेचे अनुदान कमी झाले म्हणून, कधी औषध कंपन्यांकडून नवी औषधे येत नाहीत म्हणून, कधी आपल्या मेडिकल कॉलेजांत संशोधनच होत नाही म्हणून. प्रत्येक बातमीत आकडा असतो. तो कशावरून काढला हे मात्र क्वचितच छापले जाते.

गावाचे नाव बदलले, आकडा पडला

सर्वांत सोपे मोजमाप म्हणजे पेपरांची संख्या. गावाचे किंवा संस्थेचे नाव टाकायचे, वर्षवार यादी काढायची. इथेच पहिला खड्डा आहे.

१ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक सरकारने बारा शहरांची नावे बदलली. इंग्रजीतले 'बेलगाम' गेले, 'बेळगावी' आले. विजापूरचे 'विजयपुरा' झाले, गुलबर्ग्याचे 'कलबुर्गी'. या नामांतराबद्दल सीमाभागातल्या मराठी माणसाचे काय मत आहे ते सांगायला नको. पण संशोधनाच्या हिशेबातही त्याने गोंधळ घातला. फक्त जुन्या स्पेलिंगने शोधले तर २०१४ नंतर गावातले संशोधन आटत गेल्यासारखे दिसते. फक्त नव्या स्पेलिंगने शोधले तर २०१४ पूर्वी इथे जवळजवळ काहीच नव्हते असे वाटते. दोन्ही खोटे.

त्यातच आणखी एक योगायोग. पबमेडने २०१४ च्या सुमारासच सगळ्या लेखकांचे पत्ते नोंदवायला सुरुवात केली. म्हणजे पाचव्या क्रमांकाचा लेखक बेळगावचा असला तरी पेपर गावाच्या नावाने सापडू लागला. त्यामुळे जवळपास कुठल्याही लहान शहराची संख्या त्या सुमारास एकदम चढते. संशोधन वाढले म्हणून नव्हे, वहीत एक रकाना वाढला म्हणून.

संस्थांची नावेही बदलतात. अभिमत विद्यापीठांनी नावात 'युनिव्हर्सिटी' लावू नये असा आदेश २०१७ मध्ये झाला आणि केएलई युनिव्हर्सिटीची 'केएलई अकॅडमी ऑफ हायर एज्युकेशन अँड रिसर्च' झाली. आयसीएमआरचे इथले रिजनल मेडिकल रिसर्च सेंटर आता नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रॅडिशनल मेडिसिन आहे. वडोदऱ्याच्या वाचकांना हे नवे नाही. शहराचे नाव बदलून पन्नास वर्षे उलटून गेली, तरी तिथल्या विद्यापीठाच्या नावात आजही 'बडोदा'च आहे, आणि शोधणाऱ्याला दोन्ही नावे टाकावी लागतात.

५७९ संस्था, ३३२ शून्यावर

भारतातल्या मेडिकल कॉलेजांबद्दल सर्वाधिक गाजलेला हिशेब २०१६ मधला. दिल्लीचे शल्यचिकित्सक डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्कोपस' या सूचीवरून २००५ ते २०१४ या दहा वर्षांतले पेपर मोजले. एकूण ५७९ संस्था. त्यातल्या फक्त २५ संस्था वर्षाला १०० हून जास्त पेपर काढत होत्या आणि देशाच्या एकूण पेपरांपैकी ४०.३ टक्के त्यांचेच. ३३२ संस्थांचा, म्हणजे निम्म्याहून जास्त कॉलेजांचा, दहा वर्षांत एकही पेपर नाही. खासगी कॉलेजे जिथे जास्त तिथे अवस्था जास्त वाईट. कर्नाटक आणि केरळातल्या ९० टक्क्यांहून अधिक कॉलेजांपुढे शून्य.

आकडा लाजिरवाणा आहे आणि तो फार चुकीचा असेल असे मानायचे कारण नाही. वर्षाला लाखो रुपये फी घेणाऱ्या कॉलेजाकडे दहा वर्षांत दाखवायला एक ओळ नसावी, याला उत्तर नाही. तरी वाचताना पत्त्याचा प्रश्न इथेही लक्षात ठेवावा. एखाद्या कॉलेजाचा पेपर त्याच्या विद्यापीठाच्या किंवा शेजारच्या हॉस्पिटलच्या नावावर चढला, तर कॉलेजापुढे शून्यच राहते.

मग हा आकडा वाढवायचा कसा? त्याचे उत्तर आपल्याकडे नियमाने शोधले. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी पेपर सक्तीचे केले. २०१५ च्या परिपत्रकात तर पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय मिळेल आणि फक्त इंटरनेटवर निघणारी जर्नल्स चालणार नाहीत, असेही होते. बढती हवी तर पेपर हवा. दिवसभर ओपीडी आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरने तो आणायचा कुठून? बाजारात मागणी आली की पुरवठा होतोच. पैसे घेऊन, कोणाकडून न तपासता, काहीही छापणाऱ्या जर्नल्सचे पीक त्याआधीच आले होते. शेन आणि ब्यॉर्क या दोन संशोधकांच्या २०१५ मधल्या अंदाजानुसार जगभरात अशा जर्नल्समधले लेख २०१० मध्ये ५३ हजार होते, ते २०१४ मध्ये ४ लाख २० हजारांवर गेले. लेखकांत भारतीयांचा वाटा ३५ टक्के.

दुकानाची उलाढाल वाढली म्हणून नफा वाढला असे कोणी व्यापारी मानत नाही. परत आलेला माल, बुडीत उधारी वजा करावी लागते. संशोधनातही 'परत आलेला माल' असतो. चूक किंवा लबाडी उघड झाली की जर्नल पेपर मागे घेते. २०२३ मध्ये जगभरात असे १० हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले आणि त्यातले ८ हजारांवर एकट्या 'हिंदावी' या प्रकाशन संस्थेचे. हे सगळे आधीच्या वर्षांच्या 'वाढी'त जमा धरले होते. जुने तक्ते कोणी दुरुस्त केले नाहीत.

पैसा : रक्कम, किंमत आणि वाटा

दुसरे मोजमाप खर्चाचे. हे जास्त भरवशाचे वाटते, कारण रुपया-डॉलर मोजता येतो. पण त्याचेही तीन वेगळे हिशेब आहेत आणि बातम्यांत ते सर्रास एकमेकांत मिसळतात.

जगात वैद्यकीय संशोधनाला सर्वाधिक सरकारी पैसा देणारी संस्था म्हणजे अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ, थोडक्यात एनआयएच. १९९८ मध्ये तिचे बजेट १३.६ अब्ज डॉलर होते, ते पाच वर्षांत दुप्पट करून २००३ मध्ये २७ अब्जांवर नेले. नंतर ते जवळपास तिथेच रेंगाळले. कागदावर कपात नाही. पण प्रयोगशाळेतली रसायने, यंत्रे, पगार महागत गेले. संशोधनाच्या या महागाईसाठी अमेरिकेत वेगळा निर्देशांक काढतात, घरखर्चाच्या महागाईचा चालत नाही. त्याने भागले तर २००३ पासून पुढच्या बारा वर्षांत एनआयएचची क्रयशक्ती पाचव्या हिश्शाहून जास्त घटली. मध्ये २०१३ मध्ये सरसकट पाच टक्के, म्हणजे १.५५ अब्ज डॉलरची कपातही झाली.

याचा परिणाम कुठे दिसतो? अर्जदारांच्या रांगेत. २००० च्या सुमारास दर दहा अर्जांपैकी तीनांना अनुदान मिळत होते; २०१३ मध्ये हे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवर आले. स्वतंत्र संशोधकाला पहिले मोठे अनुदान मिळण्याचे सरासरी वय १९८० मध्ये ३६ च्या आसपास होते, नंतर ते चाळिशी ओलांडून गेले. बजेटच्या आकड्यात न दिसणारी घट इथे दिसते. नव्या माणसाने उमेदीची वर्षे वाट पाहण्यात घालवली, हे कुठल्याच ताळेबंदात येत नाही.

तिसरा हिशेब वाट्याचा. जगाच्या वैद्यकीय संशोधन खर्चात अमेरिकेचा वाटा २००४ मध्ये ५७ टक्के होता, २०१२ मध्ये ४४ टक्के झाला, असे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये २०१५ मध्ये आले. तेव्हा मथळे झाले, 'अमेरिका घसरली'. प्रत्यक्षात अमेरिकेचा खर्च कमी झाला नव्हता, त्याच्या वाढीचा वेग मंदावला होता आणि चीन व इतर आशियाई देशांचा खर्च वेगाने वाढला होता. शेजाऱ्याने मजला चढवला म्हणून आपले घर बुटके होत नाही.

भारताचे म्हणाल तर सगळ्या शास्त्रांचा मिळून संशोधनावरचा खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. इथे महागाई वजा करून बारीक हिशेब करण्याइतकी मोठी रक्कमच नाही.

औषधे : साठ वर्षांची उतरंड

पेपर आणि पैसा हे दोन्ही खरे तर संशोधनाच्या वाटेवरचे टप्पे. रोग्याला काय मिळाले, हे मोजायचे तर नवी औषधे मोजावीत, असे काही जण म्हणतात. २०१२ मध्ये जॅक स्कॅनेल आणि सहकाऱ्यांनी तेच केले. औषध कंपन्यांनी संशोधनावर खर्च केलेल्या दर अब्ज डॉलरमागे अमेरिकेत किती नवी औषधे मंजूर झाली, हे त्यांनी १९५० पासून मांडले. महागाई वजा करून हा आकडा दर नऊ वर्षांनी निम्मा होत गेला होता. साठ वर्षांत सुमारे ऐंशी पट घट. संगणकाच्या चिपची ताकद दर दोन वर्षांनी दुप्पट होते, या मूर यांच्या नियमाच्या हे बरोबर उलटे. म्हणून त्यांनी 'मूर'ची इंग्रजी अक्षरे उलटी करून याला 'इरूम'चा नियम म्हटले.

कारणे त्यांनी दिली ती विचार करण्यासारखी आहेत. जुनी औषधे चांगली आणि स्वस्त आहेत, त्यामुळे नव्याला त्यांच्याहून चांगले ठरावे लागते. रक्तदाबाच्या गोळीचे उदाहरण घ्या, आज बाजारात असलेल्या स्वस्त गोळ्यांना मागे टाकणे सोपे नाही. शिवाय सुरक्षिततेचे नियम दर अपघातानंतर कडक होत गेले, आणि ते व्हायलाच हवे होते. म्हणजे या घटीचा काही भाग आधीच्या यशाचा आहे.

२०१० नंतर ही उतरंड थांबल्याचे दिसते. पण एका वर्षावरून काही ठरवू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये २२ नवी औषधे मंजूर केली, २०१८ मध्ये ५९. दोन वर्षांत शास्त्रज्ञ अडीच पट हुशार झाले नाहीत. दहा-पंधरा वर्षांपूर्वी सुरू झालेली कामे कुठल्या वर्षी दाराशी पोहोचली, एवढाच तो फरक.

'नवे काही' मोजण्याचाही प्रयत्न झाला आहे. २०२३ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात साडेचार कोटी पेपर आणि ३९ लाख पेटंट तपासून सांगितले की १९४५ नंतर जुने मोडून नवी वाट पाडणारे संशोधन सर्वच शाखांत घटत गेले. पद्धत अशी : नंतरचे लोक फक्त या पेपरचा दाखला देतात की त्याच्या आधीच्या पेपरांचाही देतात, हे पाहायचे. आधीच्यांचा दाखला बंद झाला तर या पेपरने वाट बदलली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले की सूचीत ज्या पेपरांची संदर्भयादीच चढलेली नाही, त्यांना या पद्धतीत आपोआप पैकीच्या पैकी गुण मिळतात, आणि असे अर्धवट नोंदलेले पेपर जुन्या काळात जास्त. वाद अजून मिटलेला नाही.

इंदूरची याचिका आणि घटलेल्या चाचण्या

आकडा खाली आला की वाईटच, असे नसते. याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच देशातले आहे आणि ते इंदूरशी जोडलेले आहे.

२००५ नंतर भारतात परदेशी कंपन्यांच्या औषध चाचण्या झपाट्याने वाढल्या. स्वस्त खर्च, भरपूर रोगी, सैल देखरेख. इंदूरमध्ये रोग्यांना नीट न सांगता चाचण्यांत घेतल्याच्या तक्रारी आल्या. 'स्वास्थ्य अधिकार मंच' या तिथल्या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सरकारने न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ जणांचा मृत्यू झाला होता. त्यातले ८० मृत्यू चाचणीमुळे झाल्याचे सरकारने मान्य केले. बाकीचे मूळ आजाराने, असे सांगण्यात आले.

२०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले, रोग्याच्या संमतीचे व्हिडिओ चित्रण करण्याचा आदेश झाला, मंजुऱ्यांची फेरतपासणी झाली. मंजूर होणाऱ्या चाचण्यांची संख्या काही वर्षांपूर्वीच्या तुलनेत घसरली. खुद्द एनआयएचने भारतातल्या सुमारे ४० चाचण्या थांबवल्या. उद्योगाने याला 'संशोधनाची पीछेहाट' म्हटले. आलेख पाहिला तर ती पीछेहाटच दिसते. पण त्या आलेखात संमतीविना ज्यांच्यावर प्रयोग झाले ते लोकही 'वाढ' म्हणून मोजले गेले होते. आणि नियम घाईने आल्याने काही चांगल्या, गरजेच्या चाचण्याही अडकल्या, हेही तितकेच खरे. मार्च २०१९ च्या नव्या नियमांनी मुदती ठरवून दिल्या तेव्हा ही कोंडी काहीशी फुटली.

आज थांबलेले काम कधी दिसेल

सर्वांत मोठी अडचण वेळेची. मिसोप्रोस्टॉलच्या चाचणीच्याच तारखा पाहा : काम सुरू २००२, पेपर २००६, जागतिक यादीत नाव २०११. २००२ मध्ये निधी मिळाला नसता तर पेपरांच्या आकड्यात ती उणीव चार वर्षांनी आली असती, आणि औषधांच्या यादीत नऊ वर्षांनी. तोवर निधी नाकारणारा अधिकारी बदलून गेलेला असतो.

हा प्रश्न बेळगावसाठी पुस्तकी नाही. इथले जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज एनआयएचच्या पैशावर चालणाऱ्या माता-बाल आरोग्य संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यात पूर्वीपासून आहे. नागपूरचे केंद्रही त्यातच. याच जाळ्यातून सहा देशांतल्या ११,९७६ गरोदर बायकांवर कमी मात्रेच्या ॲस्पिरिनची चाचणी झाली. दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणे १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर आली आणि तो निकाल २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. खेडोपाडी गरोदर बायकांची नोंद ठेवणारी रजिस्टरही या कामाचा भाग. असा पैसा बहुतेक वेळा अमेरिकेतल्या विद्यापीठाला मिळतो आणि तिथून उप-अनुदान म्हणून इथे येतो.

१ मे २०२५ रोजी एनआयएचने जाहीर केले की नवी रचना तयार होईपर्यंत परदेशी संस्थेला उप-अनुदान असलेली नवी किंवा नूतनीकरणाची अनुदाने दिली जाणार नाहीत. त्याआधी फेब्रुवारीत संस्थांच्या वरखर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा घालण्याचा निर्णय झाला, तो न्यायालयात अडकला. याच काळात अनेक चालू अनुदाने मध्येच रद्द झाली. या सगळ्याचा परिणाम २०२५ किंवा २०२६ च्या पेपरांच्या संख्येत शोधायला जाऊ नये. त्या वर्षांत छापले जाणारे पेपर २०२० च्या आसपास सुरू झालेल्या कामाचे आहेत आणि संख्या कदाचित वाढलेलीही दिसेल. आधी घटतात त्या गोष्टी वेगळ्या : नव्याने नोंदवलेल्या चाचण्या, कंत्राटावरच्या क्षेत्र-सेविकांची भरती, पीएचडीच्या जागा.

यातले पहिले कोणालाही घरबसल्या पाहता येते. आयसीएमआरची 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषध चाचणीची तिथे नोंद सक्तीची आहे. संकेतस्थळ फुकट आहे. प्रत्येक नोंदीत पैसा कोणाचा, चाचणी कुठल्या हॉस्पिटलात, किती लोक घेणार, काम सुरू आहे की संपले, हे असते. मात्र 'सुरू आहे की संपले' हा रकाना वेळेवर भरलेला असेलच असे नाही, त्यामुळे नोंदणीची तारीख पाहावी. २००९ पूर्वीची संख्या कमी दिसते ती सक्ती नव्हती म्हणून. आणि आपल्या गावातल्या चाचण्या शोधताना 'बेलगाम' आणि 'बेळगावी' अशी दोन्ही इंग्रजी स्पेलिंगे टाकावीत.